दिसला, ऐकला

आमच्या परसाची एक वही आहे. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने केलेत. डावीकडे ‘दिसला’, उजवीकडे ‘ऐकला’. डावा रकाना ह्यांचा, निळ्या शाईतला. उजवा माझा, पेन्सिलीतला, कारण तो मी ओट्याशी काम करता करता, हाताचं पीठ झटकून भरते.

घर वाईतलं, कृष्णेच्या घाटापासून पाचेक मिनिटांवर. मागच्या दाराला लागून परस. त्यात शेवगा, पेरू, पपईची दोन झाडं, कढीपत्ता, जास्वंद आणि कपडे वाळत घालायची तार. ह्यांचा दिवस छापखान्यात जायचा, माझा बालवाडीत. परसात कोण येतं-जातं, याकडे पंचवीस वर्षांत लक्ष गेलं नव्हतं. 2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदी लागली, रस्ता गप्प झाला आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच सकाळचा चहा घेऊन मागच्या पायरीवर बसलो.

सुरुवात दाण्यांनी केली आणि ती चुकली. पत्र्यावर रोज ओंजळभर ज्वारी टाकायचो. आठ दिवस चिमण्या आल्या, मग पारवे. तीनाचे तीस व्हायला महिनाही लागला नाही. शेजारच्या काकू गच्चीवर पापड वाळत घालत. तिथं घाण पडायला लागली. त्यात त्यांना दमा. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला फार वाईट, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. त्याच दिवशी पत्रा धुऊन काढला आणि काकूंची माफी मागून आलो.

महिन्याभरानं पुन्हा सुरू केलं, पण रीत बदलून. नारळाच्या करवंट्या सुतळीनं शेवग्याला टांगल्या. डुलत्या करवंटीवर पारव्याला बूड टेकता येत नाही, चिमणीला आणि मुनियाला येतं. आत बाजरी नि राळं, दुपारपर्यंत संपेल एवढंच. शिळा पाव, फरसाण, खारट काही नाही. करवंट्या दर आठवड्याला कढत पाण्यानं धुऊन उन्हात ठेवायच्या, कारण एका भांड्यात अनेक चोची पडल्या की रोग पसरतो.

दाणे मूठभरांनाच लागतात, पाणी मात्र सगळ्यांना. पेरूखाली मातीचं पसरट परळ ठेवलं, मध्ये एक दगड. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतात. एप्रिलच्या दुपारी बुलबुल येतो तो बघत राहावा. आधी काठावर बसून चारी बाजूंना बघतो. चोच बुडवतो, मान वर करून घोट उतरवतो. धोका नाही अशी खात्री पटली की पोटापर्यंत आत शिरून पंख असे फडफडवतो की निम्मं पाणी बाहेर. मग पेरूच्या फांदीवर बसून एकेक पीस चोचीतून काढतो. सातभाई आले की मात्र कुणाची पाळी-बिळी राहत नाही, सगळा कळप एकदम उतरतो.

हळूहळू झाडांची किंमत कळली. वरच्या दोन पपया आम्ही काढत नाही. त्या बुलबुलांच्या आणि तांबटाच्या. कढीपत्त्याची काळी फळं कोकिळा खाऊन जाते. पेरूवर औषध मारणं सोडलं, कारण चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी पिल्लांना अळ्या-किडेच भरवते.

वहीचे दोन रकाने पडले ते तिसऱ्या वर्षी. तोवर वही एकट्या ह्यांची होती. एका सकाळी ती सहज चाळताना वाचलं: ‘यंदा शिंजीर फिरकले नाहीत.’ मी चपापले. रोज पोळ्या लाटताना माझ्या पाठीमागे जास्वंदीत त्यांची बारीक चीं चीं चाललेली असे.

मी म्हटलं, “अहो, ते रोज येतात. आत्तासुद्धा आहेत.”

“कुठं?”

“ऐका की.”

ह्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मला काहीच ऐकू येत नाही गं.”

भारद्वाजाचा हुंकार, तांबटाची टुकटुक, कावळ्यांचा कालवा, सगळं ऐकू येत होतं, म्हणून काही हरवलंय हे ह्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि शिंजीर पानांत कुठं बसतो ते आधी कानाला कळलं, तरच डोळ्याला सापडतं. डॉक्टर म्हणाले, वाढतं वय आणि यंत्रांचा खडखडाट, दोन्हींत आधी जातात ते उंच, बारीक आवाज. छापखान्यात तर ह्यांची उभी हयात गेलेली. कानाला यंत्र बसवलं, बोलणं नीट ऐकू येऊ लागलं. पण ती चीं चीं परत आली नाही. त्या संध्याकाळी ह्यांनी पट्टी घेऊन वहीच्या पानांवर रेघा ओढल्या आणि पेन्सिल माझ्यापुढं ठेवली.

तेव्हापासून मी आतून सांगते, “जास्वंद, उजवीकडे, खाली,” आणि हे दुर्बीण तिकडे वळवतात. काय दिसतं ते मला सांगतात, मला पाठ वळवायची गरज पडत नाही. एकदा सातभाई आणि बुलबुल एकदम कर्कश ओरडू लागले. मी म्हटलं, “हे नेहमीचं भांडण नाही, काहीतरी आलंय.” ह्यांनी शेवगा फांदी-फांदीनं तपासला. खोडाशी चिकटून शिक्रा बसला होता, पिवळेधमक डोळे रोखून.

दिवाळीच्या आसपास आम्ही थिरथिऱ्याची वाट पाहतो. हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येणारा हा पाहुणा कुंपणावर बसून शेपटी सारखी थरथरवतो. तो पहिला दिसतो तो ह्यांनाच. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा; महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या दिवसांत आम्ही रोज सकाळी तासभर मोजणी करतो. आतापर्यंत 43 जाती झाल्या. त्यातल्या 6 फक्त माझ्या रकान्यात आहेत.

गेल्या मार्चमध्ये शिंजिरीनं कपड्यांच्या तारेलाच घरटं टांगायला घेतलं. बांधकाम मादी एकटीच करते. कोळ्याचं जाळं चोचीत धरून यायची, तारेभोवती गुंडाळायची, मग सालीचा तुकडा, वाळकं गवत, पुन्हा जाळं. खाली लोंबणारी पिशवी तयार झाली, कडेला दार, दारावर पावसा-उन्हाचा छज्जा. आत म्हातारीचा कापूस. दीड महिना आम्ही त्या तारेवर कपडे घातले नाहीत.

अंडी फुटायच्या सुमारास मला पुण्याला लेकीकडे जावं लागलं. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांचा फोन आला. दारातून दोन चोची बाहेर येतात, नर-मादी दोघं आळीपाळीनं भरवतात, असं सांगत होते. मध्येच थांबले. म्हणाले, “चोची उघडतात, पण मला नुसतं दिसतंय. थांब.” पायरीवरून उतरल्याचा आवाज आला. हात उंच करून, घरट्याच्या शक्य तितक्या जवळ, पण त्यांना त्रास होणार नाही अशा बेतानं ह्यांनी फोन धरला असणार.

मी लेकीच्या स्वयंपाकघरात गॅस बंद करून उभी राहिले. आधी वारा, मग लांबून कावळा, आणि मग ते आलं. सुईच्या टोकाएवढं बारीक, एकसारखं, दोन आवाज एकमेकांवर चढत असलेलं.

“येतंय?” ह्यांनी विचारलं.

“येतंय.”

“कसं आहे?”

मी जमेल तसं सांगितलं.

घरी परतल्यावर वही उघडली. त्या दिवशीचा उजवा रकाना पेन्सिलीत नव्हता. तिथं निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘शिंजीर, पिल्लं 2. सकाळी 7.40. पुण्याहून.’