आबांचं थापटणं

मातीलाही तहान असते, हे मला 1972च्या दुष्काळात कळलं.

पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. आबा कुंभार तळ्यातली माती गाढवावरून आणायचे, कुटायचे, चाळायचे, लीद आणि राख घालून पायानं तुडवायचे. चाकावरून उतरलेलं मडकं जाडच असतं. ते जरा सुकलं की आतून दगडाचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत फुगवायचं. किती ठोकायचं ते बोटांनाच ठाऊक. मग आवा लावायचा. संक्रांतीची सुगडं, आखितीची करा-केळी, लग्नातली मडकी, मयताचं गाडगं. सगळं त्या एका अंगणातून जायचं.

त्या साली चाक थांबलं. "प्यायला न्हाई पोरा, मातीला कुठनं पाजू?" असं म्हणून आबा गावाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आमच्या आईनं तांब्याचा हंडा कासाराकडं मोडीत घातला. त्यानं तांबं तेवढं तोललं. अंगावरच्या ठोक्यांच्या नक्षीचं कोण देतंय!

नगरला धातूकामाचा मान जुना. मुलूखमैदान तोफ 1549 साली नगरातच ओतली, पुढं परांड्याहून ती विजापूरला गेली. ओतणाऱ्या रूमीचं नाव आजही घेतात. एवढ्या तोफेला साचा मातीचाच लागला असणार; ती माती कुणी मळली, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण घणानं आबांची बोटं निबर करून टाकली होती. पहिल्या आव्यातली मडकी जाड आणि एका अंगाला कललेली निघाली. आबा ती फोडायला निघाले. आईनं एक उचललं. "पाणी गार व्हतंय ना, मग झालं," म्हणाली आणि पायलीभर बाजरी त्यांच्या पदरात घातली. हंड्याच्या जागी ते बसलं.

आता शहरातल्या प्रदर्शनांत मातीच्या कपाला पितळेचा कान, काचेचा मुलामा आणि बुडाला करणाऱ्याची सही असते. लोक घासाघीस न करता घेतात. घ्यावंच, हाताच्या कामाचं मोल तेवढं असतंच. पण तीच माणसं बाजारात पाच सुगडांसाठी दहा रुपयांवर अडतात, तेव्हा राग येतो.

आबांचा नातू सुप्याच्या एमआयडीसीत जातो. संक्रांतीआधी रजा टाकून सुगडं करतो. चाक विजेचं घेतलंय. थापटणं मात्र आबांचंच, मधोमध झिजलेलं.