चार सेकंदांचा ट्रक

रस्ता ओलांडणाऱ्या मुलांसाठी छोटी ॲनिमेशन फिल्म करायची होती. सातारा जिल्ह्यातली, महामार्गाला लागून असलेली शाळा. अर्धी वस्ती रस्त्याच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. पैसे देणाऱ्या संस्थेची मागणी साधी होती : मुलाच्या डोळ्यांनी रस्ता दाखवा आणि समोरून येणारा ट्रक दाखवा. बाकीची दोन मिनिटं भराभर झाली. ट्रकच्या चार सेकंदांना जवळजवळ महिना गेला, आणि त्यातला बराचसा वाद घालण्यात.

कॅमेऱ्याकडे येणारी वस्तू दाखवणं वरवर सोपं वाटतं. लहान चित्र मोठं करत न्यायचं. पहिल्या फ्रेमला एक आकार द्या, शेवटच्या फ्रेमला दुसरा, मधलं सॉफ्टवेअर भरून काढतं. पण त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर ते समान पायऱ्यांनी भरतं, आणि येणारी वस्तू तशी मोठी होत नाही. अंतर निम्मं झालं की ती दुप्पट दिसते. नियम एवढाच.

आमचा ट्रक अडीच मीटर रुंद, वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. लेन्स अशी धरली की जितक्या अंतरावर पाहू तितकीच रुंदी चौकटीत मावावी. चौकट १९२० पिक्सेल रुंद. ट्रक पोहोचायला चार सेकंद उरलेत तेव्हा तो ८९ मीटरवर आहे आणि पडद्यावर ५४ पिक्सेलचा. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा. दोन सेकंद उरले की १०८. एक सेकंद, २१६. अर्धा, ४३२. पाव सेकंदावर ८६४. आणि शेवटच्या तीन फ्रेम उरतात तेव्हा १७२८, म्हणजे जवळजवळ सगळा पडदा. या सगळ्यात ट्रकने स्वतःचा वेग कणभरही वाढवलेला नाही. ॲक्सिलरेटर जो काही दाबला जातो तो आपल्या डोळ्यात.

हाच प्रवास सॉफ्टवेअरच्या समान पायऱ्यांनी केला, तर दर फ्रेमला १८ पिक्सेल वाढतात. त्या १८ पिक्सेलचं उलट गणित मांडलं तेव्हा मला हसू आलं. पहिल्या फ्रेमपासून दुसरीपर्यंत ट्रक २२ मीटर कापतो, म्हणजे ताशी सुमारे १९०० किलोमीटर! आणि शेवटच्या फ्रेमला त्याचा वेग ताशी अडीच किलोमीटर. आवाजापेक्षा जोरात निघालेला ट्रक मुलापाशी येईपर्यंत बैलगाडीच्याही मागे पडतो. पाहणारा हे गणित करत नाही, पण त्याला ब्रेक लागल्याचं जाणवतं, आणि तो निर्धास्त होतो.

संस्थेतल्या गृहस्थांना नेमका हाच ट्रक हवा होता. आमचा पाहून ते म्हणाले, "अहो, पहिले दोन सेकंद काही घडतच नाही. आणि मग एकदम अंगावर येतो. येताना दिसला पाहिजे ना तो!" आमच्या कामाचं इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवेमधले मानसशास्त्रज्ञ जॉन वान आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांवर असेच वाढत जाणारे आकार दाखवून प्रयोग केले आहेत. ताशी ३२ किलोमीटरहून जास्त वेगाने येणारं वाहन जवळ येतंय हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने ओळखता येत नसावं, असा त्यांचा निष्कर्ष. बेफिकिरीचा प्रश्नच नाही, इतकी मंद वाढ मुलांच्या नजरेत भरतच नाही. ज्या दोन सेकंदांत काही घडत नाही, त्याच दोन सेकंदांत मूल रस्त्यावर पाऊल टाकतं. ते सेकंद गाळले असते तर फिल्म कशाची केली असती?

त्यांनी ल्युमिए बंधूंच्या आगगाडीचा दाखलाही दिला. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात झालेल्या खेळात ती होती. (प्रेक्षक घाबरून पळाल्याची गोष्ट सगळे सांगतात, तिला धड पुरावा नाही.) पण ती गाडी स्टेशनात शिरते, वेग कमी करत, आणि फलाटावरच्या कॅमेऱ्याच्या बाजूने निघून जाते. थांबायला आलेल्या गाडीला शांतपणे मोठं होणं शोभतं. महामार्गावरचा ट्रक थांबायला आलेला नसतो.

दुसरा झगडा उंचीचा. कॅमेरा आम्ही ११५ सेंटिमीटरवर ठेवला, आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपाशी. सपाट रस्त्यावर क्षितिजाची रेघ प्रत्येक वस्तूला पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर छेदते, म्हणजे ट्रक लांब असो की जवळ, रेघ बंपरच्या थोडी वरूनच जाणार. टप वर चढत जातो, चाकं खाली सरकतात, ती रेघ हलत नाही. बाजूने जाणारं वाहन चौकटीत सरकतं, म्हणून पटकन दिसतं. सरळ आपल्यावर येणारं जागचं हलत नाही, नुसतं फुगतं. खलाशी हे ओळखून असतात : समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर ठरलेली. कॅमेरा थरथरवून, धूळ उडवून हा स्थिरपणा झाकायची ॲनिमेशनवाल्यांना फार हौस असते. आम्ही काही झाकलं नाही.

शेवटी दोन्ही ट्रक शाळेत नेले. समान पायऱ्यांचा पाहून मागून कुणीतरी ओरडलं, "टरक घाबरला की!" वर्ग खिदळला. दुसऱ्याला कुणी हसलं नाही, पण कुणी किंचाळलंही नाही. गुरुजींनी तो पुन्हा लावला, दोन सेकंद उरले असताना थांबवला आणि विचारलं, "आता कुठंय?" "लांब हाय," सगळे एका सुरात. गुरुजी "एक, दोन" म्हणाले आणि पडदा भरला. मग मुलांना तेच हवं झालं. सातआठ वेळा लावला, दर वेळी मोजत.

निघताना एक मुलगी जवळ आली. "ताई, रातच्याला टरक दिसतच न्हाई. नुसते दिवे असत्यात."

खरं होतं. दिवे दोन मीटर अंतराने बसवलेले धरले तर ८९ मीटरवर त्यांच्यात ४३ पिक्सेलचं अंतर उरतं, आणि पसरत जाणारं ते अंतर एवढीच खूण. त्यातला एक दिवा गेलेला असला, तर पसरायलाच काही नाही. मोटरसायकल समजून कुणीही पाय टाकेल. ते चार सेकंद आम्ही अजून केलेले नाहीत.