विमानतळ ते शहर

आम्ही पुसेगावची माणसं, तिकीट काढून एसटीत बसणारी. पुण्याहून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर उतरलो, तेव्हा धास्ती होती ती टॅक्सीच्या भाड्याची. लेकाने पुण्यातूनच मोबाईलच्या अ‍ॅपवर गाडी बोलावली. भाडं आधीच कळलं. गाव कोणतं, आडनाव काय, कुणी विचारलं नाही.

बंधू-भगिनींनो, गाडीचा नंबर पाटीशी ताडून पाहा. चार आकडी ओटीपी गाडीत बसल्यावरच सांगा. चालक फोनवर जादा पैसे मागू लागला, तर दुसरी गाडी बोलवा. गर्दीच्या वेळी भाडं चढतं. तेव्हा २०१९ पासून धावणारी मेट्रो विमानतळाजवळच आहे.

घरातल्या आयाबायांनाही हे शिकवा. लेक दरवेळी फोनवर सापडेलच असं नाही.