वशिंड दोन इंच

१
अमेरिकेतल्या मांसाच्या दुकानांत ‘सर्टिफाइड अँगस बीफ’चा शिक्का दिसतो. १९७८ पासून चालू आहे. अटींची यादी लांब. पहिली चाळणी रंगाची: अंग निम्म्याहून जास्त काळं हवं. मग मांसातली चरबीची नक्षी, कापाचा आकार वगैरे. मधेच एक अट अशी: मानेवरचं वशिंड दोन इंचांपेक्षा उंच नको.

२
साओ पावलोत निखाऱ्यांवर मांस भाजणाऱ्या खाणावळींत वशिंड वेगळं मागवतात. नाव कुपीं. स्नायू आणि चरबी एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे तासन्‌तास मंद आच.

३
सिमेंटल हे स्वित्झर्लंडचं वाण, मूळचं तांबडं-पांढरं. अमेरिकेत आता बहुतेक काळं. काळ्याला भाव चांगला येतो.

४
ब्राझीलमध्ये माणसं २० कोटी, गुरं त्याहून जास्त. मांसाच्या गुरांत मोठा वाटा नेलोरचा, म्हणजे आपल्याकडच्या आंध्रच्या ओंगोलचा. बरोबर गुजरातचे कांक्रेज आणि गीर. १९ व्या शतकापासून बोटी भरून गेले. उबेराबा गावात झेबूंचं, म्हणजे वशिंडवाल्या गुरांचं, संग्रहालय आहे.

५
टेक्सासला उष्मा आणि गोचिडांनी युरोपातली गुरं टिकेनात, तेव्हा तिथेही वशिंडच गेलं. गीर, कांक्रेज, ओंगोल यांच्या मिश्रणात थोडं कृष्णा खोऱ्याचं रक्तही आहे. कृष्णा खोऱ्याचं हे वाण सांगली, मिरज, जमखंडीच्या संस्थानिकांनी काळ्या चिकट रानात नांगर ओढायला घडवलेलं. आज सांगलीत दाखवायचं म्हटलं तर शोधावं लागेल.

१९२४ मध्ये ह्यूस्टनला पैदासकारांचा संघ निघाला. टेक्सासच्या मिश्र वाणाचं नाव ठेवलं ब्राह्मण. ठेवताना पुण्याला विचारलेलं दिसत नाही.

६
मांस मऊ की चिवट हे ठरवायला यंत्र आहे. शिजलेल्या मांसातून अर्ध्या इंचाची कांडी काढायची, पात्याने आडवी कापायची, जोर किती लागला ते नोंदवायचं. वशिंडवाल्याच्या कांडीला सरासरीने जोर जास्त लागतो. चरबीची नक्षी कमी असते हे खरं, पण कारण तेवढंच नाही. जनावर कापल्यावर कॅल्पेन नावाची विकरं स्नायूंचे धागे तोडू लागतात. कॅल्पास्टॅटिन त्यांना आवरतं. झेबूच्या अंगात हे आवरणारं जास्त, म्हणून मांस थंडीत टांगून ठेवलं तरी मुरायला वेळ घेतं. दोन इंचांच्या अटीचा उगम इथे आहे.

त्याच जनावराला गोचीड कमी लागतात, ऊन सोसतं, वाळल्या गवतावर निभतं. हे मोजणारा शिक्का दुकानात नसतो.

७
१९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली. बरोबर बुळकांडीची साथ उतरली. युरोप इतका हादरला की १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसला बसून जनावरांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय काढलं. बुळकांडी जगातून गेली २०११ मध्ये. कार्यालय आहे.

८
व्हियाटिना-१९. नेलोर गाय, ब्राझील, वजन सुमारे १,१०० किलो. २०२३ मध्ये तिचा फक्त एक तृतीयांश हिस्सा जवळजवळ ७० लाख रेआलला विकला गेला. विकली जातात तिची स्त्रीबीजं. ती फलित करून दुसऱ्या गाईंच्या पोटात वाढवायची. हिचं मांस कसं लागेल हे कुणालाच कळणार नाही. ते चाखायचं तिच्या नातवंडांचं.

९
खरसुंडीचा बाजार. खिलार बैलाचे खूर, दात, शिंगांची ठेवण, चाल बघतात. मांडी दाबून बघणारा कुणी नाही. भाव रुमालाखाली बोटांनी.

१०
जपानच्या ह्योगो प्रांतात १९३९ मध्ये ताजिरी नावाचा वळू जन्मला. पुढे नोंदणी संघाने वंशावळी तपासल्या तेव्हा देशभरातल्या काळ्या वाग्यू वाणाच्या ९९.९ टक्के माद्या त्याच्याच वंशातल्या निघाल्या. सोयरीक जुळवणाऱ्यांनी इतकं ‘चांगलं घराणं’ कधी धरलं नसेल. पैदासकार आता काळजीत आहेत ते याच कारणाने.

चरबीच्या नक्षीला गुण १ ते १२. आठपासून पुढे वरचा दर्जा. नक्षी वाढावी म्हणून जनावर पोसण्याच्या मधल्या काळात खाद्यातलं ‘अ’ जीवनसत्त्व कमी करतात. फारच कमी झालं तर जनावर आंधळं होतं. या गोष्टीला गुणपट्टी नाही.

११
बेल्जियन ब्लू. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकातली ११ अक्षरं गळालेली. १९९७ मध्ये सापडलं. मागच्या मांड्या तालमीतल्यासारख्या, चरबी नावाला. वासरू बाहेर यायला वाट पुरत नाही, गाई बहुधा सिझेरियननेच वितात. म्हणजे हे वाण पशुवैद्याशिवाय दुसऱ्या पिढीत जाणं अवघड.

वाग्यूला चरबी हवी म्हणून, ब्लूला नको म्हणून. दोघांच्याही मांसाला ‘उत्तम’ म्हणतात.

१२
जपानमध्ये गाईच्या मांसाच्या पुड्यावर दहा अंकी क्रमांक असतो. तो टाकला की जनावर कधी जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं ते समजतं. २००१ मध्ये तिथे वेड्या गाईचा रोग निघाला, त्यानंतरचा हा कायदा. आपल्याकडे गुरांच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा अंक. जन्म, लस, रेतन यांची नोंद होते. शेवटचा रकाना भरताना हात आखडतो.

१३
भारतातून निर्यात होणारं ‘बीफ’ म्हणजे म्हशीचं मांस. त्यासाठी कुणी म्हैस भरवत नाही. भरवतात दुधासाठी, रेडा आणि आटलेली म्हैस मागाहून हिशेबात येतात. जगाच्या बाजारात ते खपतं, कारण स्वस्त आणि चरबी कमी.

१४
महाराष्ट्रात गाय कापायला बंदी १९७६ च्या कायद्याने. बैल आणि वळूंची भर २०१५ मध्ये पडली. मधल्या काळात ट्रॅक्टर आला.

१५
आता लिंगनिश्चित रेत मिळतं. त्याने दहापैकी नऊ वेळा कालवडच होते असं सांगतात. साध्या रेतापेक्षा महाग, सरकार अनुदान देतं. दूध डेअरीच्या भिंतीवर जाहिरात होती: हसरी कालवड, कपाळावर कुंकू. गोऱ्ह्याचं चित्र नव्हतं.