पाय टेकायचे नाहीत!

बालमित्रांनो, गोष्ट सुरू होते ती डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या चौथीच्या वर्गात. नकाशा फळ्यावर टांगला होता. मी भारताची बेटं दाखवत होते. "लक्षद्वीप ही प्रवाळ बेटं आहेत," असं मी म्हटलं मात्र, मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, प्रवाळ म्हणजे काय? झाड, की दगड?"

खरं सांगू? मी क्षणभर अडखळले. डी.एड.ला कधीतरी वाचलं होतं, पण नेमकं आठवेना. तास संपत आला होता. मी म्हटलं, "समुद्रातला एक प्रकारचा दगडच समजा." मुलांनी वहीत लिहून घेतलं. बाईंनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, नाही का?

त्या उत्तराची आठवण मला पुढे कुठे झाली, ते आता सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला जायचं ठरवलं. आम्ही चौघं, म्हणजे मी, मुलांचे बाबा, सहावीतली लेक आणि तिसरीतला धाकटा. रात्री ठाण्याला कोकणकन्या गाडीत बसलो आणि सकाळी कुडाळला उतरलो. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. त्याआधी मालवण म्हणजे एस.टी.त रात्रभर घाटातली वळणं मोजायची, असं माझे वडील सांगत. कुडाळहून मालवण साधारण तीस किलोमीटर आणि तिथून तारकर्ली आणखी सहा-सात किलोमीटर.

मुलांनी घरूनच बेत आखला होता. पाण्यावर उभं राहून वल्हवायचं आणि पाण्याखाली डोकं घालून मासे बघायचे! माझा बेत वेगळा होता. मी किनाऱ्यावर चटई टाकून सर्वांच्या चपला सांभाळणार होते.

त्याचं कारण आहे. मी सात-आठ वर्षांची असताना आजोळी विहिरीच्या पायरीवरून माझा पाय घसरला होता. मामाने केसांना धरून वर ओढलं, म्हणून आज हा लेख लिहिते आहे! पण पाय खाली टेकत नाही, नाकातोंडात पाणी जातंय, तो क्षण काही विसरले नाही. तेव्हापासून समुद्र म्हणजे घोट्यापर्यंतच.

पहिल्या दिवशी आम्ही कर्ली नदीवर गेलो. ही नदी तारकर्ली-देवबागच्या मागून वाहत येते आणि देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. नदीचं पाणी सकाळी अगदी शांत असतं. म्हणून फळीवर उभं राहायला शिकायचं ते इथे.

या फळीला पॅडलबोर्ड म्हणतात. माणसाच्या उंचीच्या दीडपट-पावणेदोनपट लांब, रुंद, तरंगणारी. तिच्या खाली मागच्या टोकाला माशाच्या पराएवढं एक पातं असतं. त्यामुळे फळी सरळ जाते. एक दोरी आपल्या घोट्याला बांधतात, म्हणजे आपण पडलो तरी फळी दूर जात नाही. अंगात जॅकेट तर हवंच.

आमच्याबरोबर गावातलाच एक पंचविशीतला तरुण होता. मुलं त्याला लगेच 'दादा' म्हणू लागली. त्याचे आजोबा आणि वडील रापण ओढणारे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं.

दादाने मुलांना सांगितलं, "आधी गुडघ्यांवर बसा. मग एकेक पाय उचला. पाय फळीच्या मधोमध, खांद्याइतके लांब. गुडघे जरा वाकलेले. आणि पायांकडे बघायचं नाही, समोरच्या माडाकडे बघायचं!"

लेक उभी राहिली आणि धप्पकन पाण्यात. पुन्हा उभी, पुन्हा पाण्यात! तिसऱ्यांदा तिने समोरच्या माडावर नजर लावली आणि काय सांगू, चांगली वीस-पंचवीस वल्ही मारून आली. धाकट्याने गुडघ्यांवर बसूनच नदी पाहिली. तीही मजाच. सायकल शिकताना आपण चाकाकडे बघितलं की पडतो ना? तसंच हे. मान खाली गेली की अंगाचा तोल पुढे जातो.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, उद्या तू नाही आलीस तर मीही पाण्यात उतरणार नाही." आता काय करता? झाली ना पंचाईत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलो. समोर सिंधुदुर्ग! चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना मी कितीदा हा किल्ला फळ्यावर काढला असेल. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी कुरटे बेटावर याची पायाभरणी केली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाचे दगड शिसं ओतून बसवले. चहूकडे खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचं पाणी गोड!

किल्ल्याजवळ खडकांच्या आडोशाला होडी थांबली. दादाने प्रत्येकाच्या हातात एक काचेचा मुखवटा आणि एक वाकडी नळी दिली. या खेळाला स्नॉर्केलिंग म्हणतात. मुखवट्यात डोळे आणि नाक दोन्ही झाकली जातात. नळीचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं पाण्याबाहेर. आपण पाण्यावर पालथं तरंगायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आधी आतून थुंकी लावून धुवायची. 'शी!' म्हणू नका, मोठमोठे पाणबुडेही तेच करतात!

"दादा, नळी दहा फूट लांब केली तर तळाशी जाऊन बसता येईल?" धाकट्याने विचारलं.

प्रश्न चांगला होता. पण तसं करता येत नाही. आपण खोल गेलो की पाणी छातीवर चहूबाजूंनी दाबतं. एक मीटर खोलीवरसुद्धा वरची हवा आत ओढायला छातीचे स्नायू कमी पडू लागतात. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली वापरलेली हवा साठून राहते. म्हणून ही नळी हातभरच असते. खोल जायचं तर पाठीवर हवेची टाकी हवी.

दादाने मग सर्वांना जवळ घेऊन एक नियम सांगितला. "काही झालं तरी खाली पाय टेकायचे नाहीत. जॅकेट तुम्हाला बुडू देणार नाही. घाबरलात तर पाठीवर उलटं व्हा आणि हात वर करा. मी येतो." वर्गात मी सूचना देते, तेव्हा अशीच माना डोलावणारी मुलं असतात. तशी मीही डोलावली.

पाण्यात उतरले. दोरीला घट्ट धरून तोंड पाण्यात घातलं. आणि अहाहा! पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे माझ्या नाकासमोरून निघाले होते, प्रार्थनेला रांगेत निघालेल्या मुलांसारखे. पाण्यात काचेतून सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं. मला वाटलं हात लावता येईल, पण हात पुढे केला तर मासा चांगला हातभर दूर! माझी भीती कुठल्या कुठे गेली.

तेवढ्यात एक लाट आली. नळीत पाणी शिरलं. खरं तर जोरात फूं केलं की ते पाणी बाहेर उडतं. दादाने होडीत तसं करून दाखवलंही होतं. पण मला त्या क्षणी आठवली ती आजोळची विहीर. मी हातपाय झाडले आणि काहीतरी पायाखाली हवं म्हणून जोराने पाय खाली रोवला.

कडक्! पापड मोडावा तसं काहीतरी पायाखाली मोडलं.

दादा दोन हातांत माझ्याजवळ आला. मला धरून पाठीवर वळवलं. मी खोकत होते. तळव्याला खरचटलं होतं. श्वास ताळ्यावर आल्यावर मी म्हटलं, "काही नाही, दगडावर पाय पडला."

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो दगड नाय. जिवंत आसा तो."

मग त्याने मला पुन्हा तोंड पाण्यात घालायला लावलं. खाली कोबीच्या पानांसारख्या पसरट, एकात एक गुंतलेल्या पाकळ्या होत्या. तपकिरी रंगाच्या. त्यांतली एक मोडून आडवी पडली होती. साधारण माझ्या तळहाताएवढी. मोडलेली कड पांढरीशुभ्र दिसत होती, नुकत्याच तुटलेल्या खडूसारखी.

तेच प्रवाळ होतं. ज्याला मी वर्गात 'दगडच समजा' म्हटलं होतं, ते!

मित्रांनो, प्रवाळ हे झाड नाही आणि दगडही नाही. ते प्राणी आहेत. इवल्याशा पिशवीसारखं अंग, वर तोंड, तोंडाभोवती बारीक बारीक हात. असे असंख्य जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती कठीण घर बांधतात. आपण 'दगड' म्हणतो ते त्यांचं घर. त्यांच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा या घरमालकाला देतं. रंगही बराचसा त्या भाडेकरूंचाच! समुद्र फार तापला की हे भाडेकरू निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. तसंच फार दिवस राहिलं तर ते उपासमारीने मरतं. २०२३ पासून जगभरच्या समुद्रांत अशी मोठी पांढरी साथ पसरल्याचं शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जाहीर केलं.

आणि हे घर वाढतं किती? बरीचशी प्रवाळं वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर. म्हणजे मी मोडलेला तो तुकडा बांधायला त्या जीवांना कित्येक वर्षं लागली असणार. कदाचित माझी लेक पहिलीत गेली, तेव्हापासून तो वाढत असेल. मी तो एका पायाने मोडला. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, दुःखाची गोष्ट म्हणजे पाय टेकायची गरजच नव्हती. जॅकेट मला बुडू देणारच नव्हतं!

"आई, तो तुकडा घरी न्यायचा का? वर्गात दाखवता येईल," लेकीने विचारलं. मोह मलाही झाला. पण दादाने मान हलवली. हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. ते १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली आहे. त्याच परिशिष्टात वाघ आहे! म्हणजे प्रवाळ तोडणं किंवा उचलून नेणं हा गुन्हाच. मोडलेला तुकडाही तिथेच राहू द्यायचा.

मी होडीत जाऊन बसणार होते. एवढं झाल्यावर कोणीही बसलं असतं. पण दादा म्हणाला, "आता तर तुम्हाला नियम नीट कळला. एकदा नियमाने बघून या."

मी दुसऱ्यांदा उतरले. या वेळी दोन्ही हात छातीशी घेतले, पाय सैल सोडले. लाट आली, नळीत पाणी आलं. फूं! पाणी उडालं. पाय खाली जाऊ पाहत होते, मी त्यांना म्हटलं, "नाही!" आणि खरंच, मी तरंगत राहिले. पायाखाली काही नसताना! खाली खडकावर एक साळसूद खेकडा शेवाळ खुडत बसला होता. त्याला पत्ताही नव्हता की वर एक चौथीच्या बाई तीस वर्षांची भीती सोडून लोंबकळत आहेत.

सुट्टी संपली. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी मी मुलांना जुन्या वह्या काढायला सांगितल्या. "प्रवाळ म्हणजे दगड, हे खोडा. बाईंचं उत्तर चुकलं होतं." मग सगळी हकिकत सांगितली. मोडलेल्या तुकड्याचीसुद्धा. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरचा तोच हात वर आला.

"बाई, म्हणजे तुम्ही घर मोडलंत?"

"हो रे," मी म्हटलं. "माहीत नसताना आणि घाबरून."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "आता मला माहीत आहे. मी नाही मोडणार."

मुलांनो, मालवणला तुम्ही कधी गेलात तर ओहोटी-भरतीची वेळ विचारून, जॅकेट घालून आणि मोठ्यांबरोबरच पाण्यात उतरा. पावसाळ्यात मात्र समुद्राच्या वाटेला जायचं नाही. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका, ते त्यांचं अन्न नव्हे. आणि ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला गेलात, तरी तिथल्या चिखलातही असंख्य जीव राहतात, हे विसरू नका.

पाय ठेवण्याआधी खाली कोणाचं घर आहे का, तेवढं एकदा बघा. आणि माझ्या वर्गातल्या त्या मुलासारखा प्रश्न पडला, तर तास संपत आला असला तरी हात वर करा!