एक माणूस, एक पिशवी

नृसिंहवाडीत पालखीच्या वेळी दोन पदांच्या मधे एक क्षण असा येतो की टाळ थांबलेले असतात आणि पुढचा सूर अजून लागलेला नसतो. नेमक्या त्या क्षणी मी रुमाल काढायला खांद्यावरच्या बॅगेचं झाकण उघडलं. व्हेल्क्रो. नवं कोरं धोतर फाडावं तसा चर्रर्र आवाज झाला. पुढच्या आजोबांनी वळून पाहिलं, रागाने नव्हे. कुणाचं काय फाटलं, एवढ्याच काळजीने. रुमाल निघाला, पण झाकण परत लावायचा धीर होईना. लावलं की पुढे कधीतरी पुन्हा उघडावं लागणारच. उरलेला वेळ मी त्या बॅगेचं उघडं तोंड हाताने धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी नव्या बॅगेचा शोध सुरू केला. मेसेंजर बॅगच हवी, खांद्यावरून तिरकी घ्यायची, कॅमेरा आणि लॅपटॉप दोन्ही मावणारी. कॅमेऱ्याची बॉडी पाऊण किलोच्या आसपास, लेन्स जवळजवळ तेवढीच, लॅपटॉप सव्वा ते दीड किलो, शिवाय चार्जर आणि बॅटऱ्या. काटा साडेतीन किलोकडे जातो, आणि हा सगळा भार एका खांद्यावर. बरं, पाठीवरची सॅक घ्यावी तर दर्शनाच्या रांगेत ती मागच्याच्या नाकाशी. तिरकी घ्यावी तर पादुकांपुढे वाकलं की ती पाठीवरून घसरत पुढे येते आणि आपल्याआधी तीच नमस्कार करते.

कंपनीचं नाव ठळक अक्षरात मिरवणाऱ्या काळ्या बॅगा मला आवडत नाहीत. चोराला आपणच पत्ता लिहून दिल्यासारखं वाटतं. खाकी कॅनव्हास बरा. पोस्टमनचा समजून लोक दुर्लक्ष करतात. इंग्लंडच्या बिलिंगहॅमने १९७३ साली सुरुवात केली ती मासे धरणाऱ्यांच्या पिशव्यांपासून. पुढे १९७८मध्ये त्यांना कळलं की आपल्या पिशव्या न्यूयॉर्कमधले फोटोग्राफर घेऊन जातायत. गळ आणि आमिष ठेवायच्या जागी लेन्स! हे वाचल्यापासून कॅमेऱ्यासाठी मुद्दाम बनवलेल्या वस्तूंवरचा माझा विश्वास जरा कमीच झालाय.

आणि दत्ताच्या वाडीत राहून झोळी कशी आठवणार नाही? चित्रातल्या दत्ताचे सहाही हात अडकलेले असतात, त्रिशूळ, डमरू, शंख, चक्र, कमंडलू आणि माळ. मग झोळी खांद्यालाच लागणार. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला झोप, असा त्याचा रोजचा फेरा सांगतात. एवढी पायपीट, आणि झोळीला ना कप्पा ना चेन.

पण ही सगळी चिकित्सा मी आत्याच्या सोप्यात बसून करत होते, आणि समोरच्या खुंटीवर तिची पिशवी होती.

वाडीला पुराचं कौतुक नाही. दर पावसाळ्यात पाणी घाट चढतं, देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला माणसं गावोगावहून येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात जाते, घरातलं सामान माळ्यावर जातं आणि बायका चहा टाकतात. ऑगस्ट २०१९मध्ये मात्र पाण्याने २००५च्या पुराची रेघ ओलांडली, आणि आत्याच्या दाराशी बोट आली. लाइफ जॅकेट घातलेला पोरगा म्हणाला, "एक माणूस, एक पिशवी. दहा मिनिटांत."

आत्याने युरियाच्या पोत्याची शिवलेली पिशवी उचलली. आमच्या उसाच्या भागात तिच्याइतकी पाणी अडवणारी पिशवी दुसरी नाही. त्यात काय भरलं हे ती अजून बोटं मोडत सांगते. खणात गुंडाळलेले देवाचे टाक. सात-बारा, पासबुक. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या. जुना चष्मा, नवा डोळ्यावर होताच. आणि टीव्हीचा रिमोट.

"रिमोट?"

"टीव्ही माळ्यावर हुता की. त्यो वाचला आसता आन् रिमोट न्हाई, तर काय करनार हुतो मी?"

लग्नाचा अल्बम तिने घेतला नाही. जड होता म्हणाली. पाणी उतरल्यावर गाळातून तो मीच काढला. फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. कुणीतरी सांगितलं, स्वच्छ पाण्यात भिजव म्हणजे सुटतील. परातीत पाणी घेऊन बसले. काही सुटले, कडा खाल्ल्या गेलेले. काहींचा रंग सायीसारखा वर तरंगायला लागला. एका फोटोत काका मुंडावळ्या बांधून उभे होते. मी हलक्या हाताने तो सोडवला, तर काकांचा चेहरा निघून खालच्या फोटोतल्या आत्याच्या शालूवर बसला. मुंडावळ्यांसकट, जरीच्या काठावर. मी परात झाकायला लागले, पण आत्याने ती पुढ्यात ओढली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "जित्तेपणी कवा एवढं जवळ आल्यालं न्हाईत." मग तो फोटो तिने तसाच टॉवेलवर वाळत घातला. तो आता भिंतीवर आहे. मोबाइलवर त्याचा फोटो काढायचं मला अजून धाडस झालेलं नाही.

पिशवी मात्र त्या पुरापासून भरलेलीच खुंटीवर असते. हलली ती जुलै २०२१च्या पुरात, तेव्हा पुन्हा बोटीत बसून आली.

परवा आत्याने माझी व्हेल्क्रोवाली बॅग एका हाताने उचलून पाहिली. "रिकामी केवढी भरती?"

मी किंमत सांगितली.

"वजन इचारतोय मी."

बाहेर पावसाची झड लागली होती. तिने खुंटीवरची पिशवी काढली, मांडीवर घेतली, आतल्या गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून उजेडाकडे धरल्या आणि त्यातली एक माझ्यापुढे केली. "हे बारीक काय लिवलंय बघ. तारीख कवाची हाय?"