केडगाव ते खराडी

खराडी, पुणे

चि. अमोल,

काल आक्काचा फोन आला. तू रेल्वेचा पास काढायचा सोडलास आणि बाइक बुक केलीस, हे तिच्याकडून कळलं. मला मात्र एवढंच विचारलंस, की केडगावहून थेऊर फाट्यावरून यावं की मांजरीच्या पुलावरून. अरे, दोन्हीकडून नको! सोलापूर रस्त्यावर रात्री कंटेनर आणि उसाच्या ट्रॉल्या, त्यात तू थकलेला. तुझ्या आईच्या जिवाला घोर लावू नकोस.

गाडीचे हाल मला मान्य आहेत. एक गेली की दुसरीसाठी किती ताटकळावं लागतं, ते तुझ्या तोंडून ऐकलंय. पण दोष रुळाचा नाही. तो दीडशे वर्षांहून जुना रूळ नदीपलीकडे मांजरी-हडपसरवरून जातो आणि ही काचेची ऑफिसं अलीकडे उभी राहिली. आम्ही इथं आलो तेव्हा शेतंच होती. स्टेशनकडे जाणारा धड रस्ता तेव्हाच आखता आला असता.

पुण्याहून लोणावळ्याला १९७८ पासून लोकल आहे. दौंड त्याहून दहा-बारा किलोमीटरच लांब. दौंडकडे २०१७ मध्ये विजेच्या तारा आल्या, तरी त्याच तारांखालून डिझेलची डेमू सोडली. मधल्या स्टेशनांचे फलाट लोकलच्या डब्यांना बुटके पडत होते, असं सांगितलं गेलं. मग फलाट उंच करायला हवे होते ना? दोनच मार्ग, त्यावर एक्स्प्रेस आणि मालगाड्या. थांबायची पाळी येते ती लोणी, उरुळी, यवतच्या माणसांच्या गाडीवर. २०२४ मध्ये दौंड रेल्वेच्या सोलापूर विभागातून पुणे विभागात आलं. उपनगरी दर्जाची मागणी मात्र जुनीच आहे.

मेट्रोचं म्हणशील, तर ती मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मार्गाला केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. आनंदच आहे. पण ती होईपर्यंत तुझ्यासारख्या पोरांनी जायचं कसं? आणि केडगाव-पाटसहून येणाऱ्याला मेट्रोचा उपयोग गाडी वेळेवर असेल तरच. तुम्ही सगळे बाइकवर गेलात, तर उद्या कुणीही म्हणेल, प्रवासीच नाहीत, फेऱ्या कशाला वाढवायच्या? म्हणून पास सोडू नकोस. ऑफिसमधल्या दौंडकडच्या सगळ्यांच्या सह्या घे आणि सकाळ-संध्याकाळच्या जादा फेऱ्या व हडपसर स्टेशन ते खराडी बस मागणारं निवेदन खासदारांकडे दे. मसुदा मी लिहितो.

तोवर उशिराची पाळी असेल त्या रात्री इथंच मुक्काम कर. मामी भाकरी झाकून ठेवते, तुला ठाऊक आहे. बुकिंग रद्द केल्याचं आधी आक्काला कळव, मग मला.

तुझा,
मामा